मार, छडी आणि फटके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकसभेत किंवा शिक्षकांच्या प्रशिक्षणात शारीरिक शिक्षेचा विषय निघाला की प्रश्न दोन टोकांचे येतात. कुणी विचारतं, बाईंनी हातावर पट्टी मारली तर तक्रार करता येते का? कुणी म्हणतं, बलात्काऱ्यांना भर चौकात फोडून काढलं पाहिजे, तसा कायदा का करत नाहीत? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी समजूत एकच: अंगाला लागलं की माणूस सुधारतो. ती समजूत चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्या मतासकट लिहिली आहेत, पण कायदा जसा आहे तसाच सांगितला आहे.

भारतात आज न्यायालय गुन्हेगाराला फटक्यांची शिक्षा देऊ शकतं का?

नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये शिक्षांचे प्रकार दिले आहेत: मृत्युदंड, आजन्म कारावास, सश्रम किंवा साधी कैद, मालमत्तेची जप्ती, दंड आणि नव्याने आलेली समाजसेवा. फटके त्यात नाहीत. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ मध्ये कायदा करून ही शिक्षा रद्द केली.

म्हणजे त्याआधी ती कायदेशीर होती? कुणाला द्यायचे?

होती, आणि तिचा इतिहास जरा सविस्तर सांगायला हवा, कारण 'फटके परत आणा' म्हणणाऱ्यांना तो बहुधा माहीत नसतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत फटके नव्हते. मेकॉलेच्या आयोगाने मसुदा करतानाच ते वगळले होते. पण तुरुंग भरू लागले, कैद्यांना पोसणं सरकारला महाग वाटू लागलं, आणि १८६४ मध्ये फटक्यांचा वेगळा कायदा करून चोरीसारख्या गुन्ह्यांना ही शिक्षा पुन्हा जोडली गेली. १९०९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. बायकांना फटके मारायचे नाहीत, पंचेचाळिशी उलटलेल्या पुरुषांना मारायचे नाहीत, एका वेळी ३० पेक्षा जास्त मारायचे नाहीत, अशी बंधनं होती. असहकाराच्या काळात बनारसमध्ये चंद्रशेखर आझाद या कोवळ्या मुलाला १५ फटक्यांची शिक्षा झाली, ती याच व्यवस्थेत.

१८९४ च्या तुरुंग कायद्यातलं कलम ५३ मूळातून वाचण्यासारखं आहे. फटके हप्त्याहप्त्याने द्यायचे नाहीत, सगळे एकदम द्यायचे. तुरुंगाधिकारी आणि डॉक्टर समोर हजर हवेत. वेत किमान अर्धा इंच जाडीचा हवा आणि तो ढुंगणावर मारायचा. सोळा वर्षांखालचा कैदी असेल तर त्याहून हलका वेत घ्यायचा आणि शाळेतल्या शिस्तीच्या रीतीने मारायचं. तुरुंगात लहान मुलाला किती आणि कसं मारावं याचा नमुना कायदा करणाऱ्यांनी शाळेकडून घेतला. शाळा आणि तुरुंग या बाबतीत किती जवळ होते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही.

फटके सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात परवान्याशिवाय हद्द ओलांडणाऱ्याला कैद, दंड आणि फटके अशा शिक्षा होत्या. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड ज्या समाजांना ठेवलं गेलं, त्यांच्या घरांत तिथल्या सक्तीच्या हजेरीच्या आठवणी अजून निघतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. पंजाबात १९१९ च्या लष्करी कायद्यात तर भर रस्त्यात तिकट्या, म्हणजे फटके मारताना माणसाला बांधायच्या लाकडी चौकटी, उभारल्या गेल्या. अमृतसरच्या ज्या गल्लीत एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला झाला होता, तिथे सहा तरुणांना तिकटीला बांधून फटके मारले. लोकांनी पाहावं, हाच हेतू होता. लोकांनी पाहिलं, आणि त्यांच्या मनात सरकारचा धाक राहण्याऐवजी चीड भरली.

चौकात फटके दिले तर गुन्हे कमी होतील ना?

ब्रिटनने हा प्रश्न स्वतःच्या घरात तपासून पाहिला. १९३८ च्या कॅडोगन समितीने मारहाण करून लूट करणाऱ्या गुन्हेगारांच्या नोंदी काढल्या. त्यांतल्या काहींना फटके मिळाले होते, काहींना नुसती कैद. फटके खाल्लेले पुढे जास्त सरळ वागले, असं कुठेच दिसलं नाही. उलट त्यांची पुढची वर्तणूक किंचित वाईटच निघाली. समितीने ही शिक्षा बंद करायची शिफारस केली आणि १९४८ मध्ये ती बंद झाली. फटके पुन्हा आणा ही ओरड नंतरही होत राहिली, म्हणून १९६० मध्ये दुसऱ्या समितीने विषय पुन्हा तपासला. निष्कर्ष तोच.

गुन्हा करणाऱ्याच्या मनात हिशेब चालतो तो 'किती मार बसेल' याचा कमी आणि 'सापडेन का' याचा जास्त. आपल्याकडे एफआयआर नोंदवून घ्यायलाच दोन चकरा माराव्या लागतात, खटला दहा-दहा वर्षं चालतो, साक्षीदार फुटतात. या सगळ्यात शेवटी फटके ठेवले काय आणि कैद ठेवली काय, बाईला रात्री रस्त्यावरून निर्धास्त घरी येता येणार नाही. चौकात फटक्यांची मागणी करणाऱ्यांचा संताप मला खरा वाटतो. तो संताप तपास, पंचनामा, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा यांकडे वळला तर काही तरी हाती लागेल.

सिंगापूरमध्ये वेताची शिक्षा आहे आणि तिथे गुन्हे कमी आहेत. मग?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकामुळे दुसरी झाली, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. हाँगकाँगने १९९० मध्ये ही शिक्षा काढून टाकली. तेही सिंगापूरसारखंच दाटीचं, बंदराचं, व्यापारी शहर, आणि तिथलं गुन्ह्यांचं प्रमाणही जगात कमीच राहिलं. चोख पोलीसव्यवस्था, रोजगार आणि घरं यांचं श्रेय आपण वेताला देऊन टाकतो.

सिंगापूरची ही शिक्षा ब्रिटिश राजवटीतून आली आहे. ती फक्त पुरुषांना, पन्नाशीच्या आतल्या, डॉक्टरने तपासल्यावर आणि तुरुंगाच्या भिंतीआड दिली जाते. एका वेळी जास्तीत जास्त २४ फटके. १९९४ मध्ये मायकेल फे या अमेरिकन मुलाला गाड्या विद्रूप केल्याबद्दल सहा फटके सुनावले गेले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी रदबदली केल्यावर ते चारवर आले.

नोकरीसाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. व्हिसाची मुदत संपल्यावर ९० दिवसांपेक्षा जास्त काळ तिथे राहिलं तर कैदेबरोबर किमान तीन फटक्यांची तरतूद आहे. एजंट 'होईल सगळं मॅनेज' म्हणतो, तेव्हा हे सांगत नाही.

पोलिसांनी आरोपीला मारलं तर ते कायदेशीर आहे का?

अजिबात नाही. जमाव पांगवण्यासाठी किंवा पळणाऱ्याला पकडण्यासाठी लागेल तेवढंच बळ वापरायची मुभा पोलिसांना आहे. ताब्यात आलेल्या माणसाला मारणं हा गुन्हा आहे, आणि कबुलीजबाब काढण्यासाठी मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली त्याहून गंभीर गुन्हा आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटक पंचनामा, नातेवाइकांना खबर, कोठडीत असताना वैद्यकीय तपासणी.

२०२२ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या उंढेला गावात पोलिसांनी काही जणांना भर चौकात खांबाला धरून काठीने बडवलं. भोवतालची गर्दी टाळ्या वाजवत होती. पुढच्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयाने चार पोलिसांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल १४ दिवसांची कैद सुनावली, अपिलासाठी तिला स्थगितीही मिळाली. ज्यांना मारलं, ते कुठल्याही न्यायालयात दोषी ठरलेले नव्हते. चौकातल्या न्यायात ही पायरीच गळून पडते.

जातपंचायत किंवा गावकी मारण्याची शिक्षा देऊ शकते का?

नाही. मारहाणीबद्दल भारतीय न्याय संहितेखाली आणि वाळीत टाकल्याबद्दल महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. 'आमच्या समाजाची रीत आहे' हा बचाव चालत नाही.

शाळेत मारण्यावर बंदी कधी आली?

तुकड्यातुकड्यांनी आली. मुलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने डिसेंबर १९९२ मध्ये शिक्कामोर्तब केलं. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांच्या नियमांतली मारण्याची परवानगी रद्द केली. गोव्याने २००३ च्या बाल कायद्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. देशभरासाठी बंदी आली ती शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने, १ एप्रिल २०१० पासून. त्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही येतो. मोडणाऱ्या शिक्षकावर सेवाशर्तींनुसार कारवाई होते.

तारखा शेजारी ठेवून बघा. दरोडेखोराच्या अंगाला हात लावायची परवानगी न्यायालयाकडून १९५५ मध्ये काढून घेतली. पाढा चुकलेल्या दुसरीच्या मुलाला मारायला देशभरात बंदी यायला त्यानंतर ५५ वर्षं गेली.

माझा मुलगा नववीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, खासगी आहे. हा कायदा तिथे लागतो का?

कलम १७ खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागतं, बोर्ड कुठलंही असो. दोन अडचणी आहेत. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या, म्हणजे साधारण आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक शाळा त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

म्हणून नववी-दहावीची शाळा वा अल्पसंख्याक शाळेला मारायची मोकळीक आहे, असं नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. त्याच्या कलम ७५ मध्ये मुलाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. मुलांचा सांभाळ सोपवलेल्या संस्थेतल्या माणसाने तसं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शाळांतल्या मारहाणीतही पोलीस हे कलम लावतात. बालगृह, निरीक्षणगृहासाठी कलम ८२ वेगळं आहे. खासगी शिकवणीचे सर, कराटेचे प्रशिक्षक, वसतिगृहाचे रेक्टर, कुणालाच मारायची सूट नाही. साध्या दुखापतीसाठीसुद्धा भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ आहेच.

न्यायालयांचा सूर मात्र सगळीकडे सारखा नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मुलींना मारल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका शिक्षिकेची निर्दोष मुक्तता केली. मुलांना शिस्त लावताना थोडं कठोर व्हावं लागतं, असा त्या निकालाचा सूर होता. केरळमध्येही किरकोळ प्रकरणांत शिक्षकाचा हेतू बघावा, असे निकाल आले आहेत. मला ही भूमिका पटत नाही, कारण हेतू चांगला असल्याचं प्रत्येक मारणारा सांगतो. पण तक्रार करणाऱ्या पालकांना हे ठाऊक असावं.

'मार' म्हणजे नेमकं काय काय? उठाबशाही त्यात येतात का?

येतात. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत यादी आहे: छडी, पट्टी, चापट, चिमटा, केस ओढणं, कान पिळणं, बाकावर उभं करणं, गुडघ्यांवर बसवणं, डोक्यावर दप्तर ठेवून उभं करणं, कोंबडा करणं, खोलीत कोंडणं. जातीवरून, घरच्या गरिबीवरून, रंगावरून टोमणे मारणंही त्या सूचनांनुसार छळच.

हात न लावता दिलेल्या शिक्षा निरुपद्रवी असतात, असं शिक्षकांना वाटतं. उठाबशांचं उदाहरण घ्या. सवय नसलेल्या मुलाला एकदम शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावल्या तर मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अशा शिक्षेनंतर मुलाचे पाय सुजले, लघवी काळ्या चहासारखी झाली तर 'झोपला की बरा होईल' म्हणू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. कानाखाली वाजवलेल्या एका थपडेने कानाचा पडदा फाटतो, तो वर्गात मागे बसलेल्या मुलाला ऐकू येईनासं झाल्यावर कळतो. पट्टीची उभी कड बोटांच्या जुळवलेल्या नखांवर मारायची जुनी पद्धत ज्यांनी सोसली आहे, त्यांना आणखी वर्णन नको.

आम्ही मार खाऊनच मोठे झालो. आमचं काय वाईट झालं?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक लोक शिकले, नोकरीला लागले आणि आज पालकसभेत बसले आहेत. त्यांच्याच वर्गातला जो मुलगा माराच्या भीतीने चौथीत शाळा सोडून गुरांमागे गेला, तो या सभेला आलेला नाही. गळतीची कारणं विचारायला घरोघरी गेलात की गरिबी, स्थलांतर, मुलीचं लग्न यांच्या जोडीने 'सर मारायचे' हे उत्तर ऐकू येतंच. मार खाऊन कोण टिकलं हे आपल्याला दिसतं, कोण गळालं ते दिसत नाही.

मार खाऊन आपण नेमकं काय शिकलो, तेही आठवून बघा. कुठल्या सरांचा हात सैल आहे. वही झाली नसेल तर 'घरी राहिली' म्हणायचं. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही कशी हुबेहूब करायची. शेजारच्याचं नाव आधी कसं सांगायचं. माराने लपवायची कला येते, गणित येत नाही.

ज्या गुरुजींचं नाव आजही लोक हात जोडून घेतात, त्यांच्याबद्दल थोडं खोलात विचारलं तर कळतं की गुरुजी संध्याकाळी घरी येऊन अभ्यास घ्यायचे, परीक्षेची फी स्वतःच्या खिशातून भरायचे, आजारी मुलाची चौकशी करायचे. मारायचेही. उपकार झाले ते पहिल्या गोष्टींमुळे, पण आठवणीत श्रेय छडीला जातं.

संशोधन काय सांगतं? की हे सगळं नुसतं भावनिक आहे?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांतल्या दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचं सांगितलं. म्हणजे 'एखाद-दुसरा शिक्षक मारतो' हा समज चुकीचा होता.

परिणामांवर जगभर बरंच काम झालं आहे. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये सुमारे पन्नास वर्षांतल्या ७५ अभ्यासांची, एक लाख साठ हजारांहून जास्त मुलांची माहिती एकत्र केली. चापट मारण्यासारख्या 'साध्या' माराचाही संबंध जास्त आक्रमकपणाशी, मनाच्या तक्रारींशी आणि आईवडिलांशी दुराव्याशी दिसला. मूल सुधारल्याचा दीर्घकाळचा पुरावा मिळाला नाही. यावर रॉबर्ट लार्झेलियर यांच्यासारख्या अभ्यासकांचा आक्षेप आहे: आधीच दांडगट असलेल्या मुलाला जास्त मार बसतो, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्याच मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेले अभ्यास महत्त्वाचे ठरतात. २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अशा ६९ अभ्यासांचा आढावा आला आणि वर्तन काळाबरोबर बिघडत गेल्याचंच त्यात दिसलं.

मारायचं नाही, ओरडायचं नाही, मग पन्नास मुलांचा वर्ग सांभाळायचा कसा?

हा शिक्षकांचा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देणं अन्यायाचं होईल. कायद्याने प्राथमिकला ३० आणि उच्च प्राथमिकला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात दोन वर्ग एकत्र बसवलेले, निवडणुकीची ड्युटी, सर्वेक्षणं, पोर्टलवर माहिती भरणं, खिचडीचा हिशेब. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. शिक्षकभरती रखडवायची आणि शिक्षकाला फक्त नोटीस द्यायची, हे सरकारला शोभत नाही.

तरीही वर्गात करण्यासारखं खूप आहे, आणि ते महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम करत होत्या, तेव्हापासून भीती आणि शिक्षा यांच्याशिवाय शिकवणं हाच त्या कामाचा पाया होता. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी तेच आदिवासी मुलांमध्ये नेलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे कळल्यावर त्यांनी गैरहजेरीबद्दल मुलांना शिक्षा केली नाही, शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा ती हीच.

मुलाच्या वागण्याचं कारण शोधायचं आणि व्यवस्था बदलायची, ही रीत आजच्या वर्गातही चालते. रोज उशिरा येणाऱ्या मुलीला दारात उभं करण्याआधी एकदा विचारा. घरी नळाला पाणी सातला येतं आणि ते भरून ठेवल्याशिवाय तिला निघता येत नाही, असं बऱ्याचदा निघतं. मग पहिल्या तासाचं तिचं काम मधल्या सुट्टीत घेता येतं, आईशी बोलता येतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला मुलगा उन्हाळ्यात परत आला आणि त्याला भागाकार येत नाही, तर छडीने तो येणार नाही. महिनाभर एका हुशार मुलाशेजारी बसवून, रोज दहा मिनिटं वेगळी देऊन येईल.

नियम मुलांबरोबर बसून ठरवा, पाचच ठेवा आणि भिंतीवर लावा. नियम मोडला तर काय होणार, तेही आधीच ठरलेलं असू दे, आणि ते मोडलेल्या गोष्टीशी जोडलेलं असू दे. शाई सांडली त्याने फरशी पुसायची. कुणाची वही फाडली त्याने नवी वही करून द्यायची. मारामारी झाली तर दोघांना वेगळं करा, दहा मिनिटं शांत बसू द्या, मग एकेकाला काय झालं ते पूर्ण सांगू द्या. बहुतेकदा सुरुवात कालच्या खेळात झालेली असते. आवाज वाढला की आपणही आवाज वाढवायचा, याने वर्ग शांत होत नाही. दोन टाळ्या, हात वर, जी खूण ठरली असेल ती करून थांबून राहिलं की मुलं एकमेकांना गप्प करतात. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. पहिल्या महिन्यात जमू लागतं. आणि काही मुलांच्या बाबतीत घरी काहीतरी गंभीर घडत असतं, तिथे समुपदेशक किंवा बालकल्याण समितीची मदत घ्यावी लागते, एकट्या शिक्षकाने ते ओझं उचलू नये.

आईवडिलांनी घरी मारणंही गुन्हा आहे का?

घरातल्या माराला सरसकट बंदी घालणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ पालकांनाही लागू होऊ शकतं, पण अनावश्यक त्रास होईल अशी मारहाण हवी. एका धपाट्यावर पोलीस येत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकांनी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम २७ संरक्षण देतं, आणि त्याचा आधार मारणारे घेतात.

जगात स्वीडनने १९७९ मध्ये सगळ्यांच्या आधी घरातही मार बंद केला. आज साठहून जास्त देशांत तो बंद आहे. दक्षिण आशियात पहिला देश नेपाळ, २०१८ मध्ये. जर्मनीत २००० पासून, जपानमध्ये २०२० पासून बंदी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे हलक्यात घेऊ नये. शाळेत मुलाच्या अंगावर वळ दिसला तर शिक्षकाला ते कळवावंच लागतं, असे नियम तिकडे बऱ्याच देशांत आहेत. २०१२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने मुलाशी क्रूर वागल्याबद्दल एका भारतीय जोडप्याला तुरुंगात पाठवलं होतं.

मुलानेच चोरी, मारामारी असा गुन्हा केला तर? तिथेही समजावूनच सांगायचं?

तिथे बाल न्याय मंडळ आहे आणि त्याच्या हातात बरेच पर्याय आहेत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १८ खाली मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन सांगू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, दंड भरायला लावू शकतं, परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली मोकळं, ठेवू शकतं किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं. १६ ते १८ वयोगटातल्या मुलाने अत्यंत गंभीर गुन्हा केला असेल तर त्याच्यावर प्रौढांप्रमाणे खटला चालवायचा का, याची प्राथमिक तपासणी होते. मारणं यात कुठेही बसत नाही. मोबाइल चोरला म्हणून दुकानासमोर मुलाला बांधून ठेवणारे लोक त्या क्षणी स्वतःच गुन्हा करत असतात, आणि व्हिडिओ फिरवणारे मुलाची ओळख उघड केल्याबद्दल याच कायद्याच्या कलम ७४ खाली वेगळे अडकतात.

शाळेत मुलाला मारलं. आता काय करू?

आधी मुलाला जवळ घ्या आणि एकदाच नीट ऐकून घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर त्याला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका. लागलं असेल तर डॉक्टरकडे न्या आणि 'शाळेत मारहाण' अशी नोंद कागदावर मागून घ्या. वळाचे फोटो त्याच दिवशी काढा, दुसऱ्या दिवशी रंग बदलतो.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांच्यापुढे विषय ठेवा. दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. मुंबईत शिक्षण निरीक्षक. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे थेट अर्ज करता येतो. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मूल स्वतःही बोलू शकतं. दुखापत झाली असेल तर पोलीस ठाण्यात जायला यातल्या कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

तक्रार केली तर मुलाला त्रास देतील, दाखला हातात ठेवतील अशी भीती वाटते.

भीती बिनबुडाची नाही. म्हणून कायदा आधी माहीत असावा: प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं. दाखला देण्याची धमकी मिळाली तर 'हे लेखी द्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. लेखी दिलंच तर तो कागद तुमचा पुरावा ठरतो.

एकट्याने जाण्यापेक्षा त्याच वर्गातले तीन-चार पालक मिळून अर्ज द्या. एका मुलाला मारणारा हात सहसा एकाच मुलावर उठलेला नसतो. अर्जात शिक्षकाला काढून टाका अशी मागणी पहिल्याच ओळीत लिहू नका. काय घडलं, कुठल्या तारखेला, कुणासमोर, आणि पुढे ते होऊ नये म्हणून शाळा काय करणार, एवढं विचारा. तक्रारीनंतर मुलाला वेगळं बसवणं, वहीवर सही न करणं, तोंडी गुण कापणं असं काही सुरू झालं तर तेही तारखेसह लिहून ठेवा आणि दुसऱ्या अर्जात जोडा. कलम १७ मधला मानसिक छळ तो हाच.